ध्वज दिन, सैनिकांची स्मारकं आणि माजी सैनिकांना मदत: सारखे विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी संपली की ७ डिसेंबरच्या तयारीचे मेसेज सुरू होतात आणि त्यातले निम्मे प्रश्न दरवर्षी तेच असतात. शाळेतल्या बाईंचे, ग्रामपंचायतीतल्या पोरांचे, पुण्या-मुंबईत राहणाऱ्या पण मूळच्या सातारा-रत्नागिरीकडच्या लोकांचे. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर, आणि एखाद्याचं उत्तर दुसरीकडे असेल तर तिथं नंबर दिलाय. आमच्या मते गेलेल्या जवानाचं नाव जपणं आणि त्याच्या घरच्यांच्या कागदपत्रांसाठी धावपळ करणं हे एकच काम आहे, त्यामुळे खाली दोन्ही गोष्टी मिसळलेल्या सापडतील.

१. सशस्त्र सेना ध्वज दिन म्हणजे नेमकं काय? १५ ऑगस्टला झेंडा लावतो तसंच काही असतं का?

नाही, इथं झेंडावंदन नसतं. २८ ऑगस्ट १९४९ ला संरक्षणमंत्र्यांच्या समितीने ठरवलं की दरवर्षी ७ डिसेंबरला लोकांना छोटे कागदी झेंडे द्यायचे आणि त्या बदल्यात सैनिकांच्या कल्याणासाठी वर्गणी घ्यायची. झेंड्यावर लाल, गडद निळा आणि फिका निळा असे तीन रंग असतात, भूदल, नौदल आणि वायुदलाचे. छातीला टाचणीने लावतात तो छोटा आणि गाडीला लावतात तो मोठा. लढाईत गेलेल्यांची कुटुंबं, अपंगत्व आलेले जवान आणि माजी सैनिक, या तिघांसाठी हा पैसा गोळा होतो. आपल्याकडे प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टर ऑफिसमध्ये त्या दिवशी निधी संकलनाचा कार्यक्रम होतो, पण वर्गणी वर्षभर घेतात, ७ तारीख हुकली म्हणून गप्प बसू नका.

२. वर्षभरात सैनिकांच्या आठवणीचे दिवस नेमके कोणते? आमच्या ग्रुपवर दरवेळी वेगळीच तारीख फिरते.

१४ जानेवारी वेटरन्स डे, म्हणजे माजी सैनिकांचा दिवस, कारण फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली याच तारखेला निवृत्त झाले. आपल्याकडे तो नेमका संक्रांतीला येतो आणि तिळगुळाच्या गडबडीत कुणाच्या लक्षातच राहत नाही, तर उलट करा, तिळगूळ घेऊन आधी गल्लीतल्या माजी सैनिकाच्या घरी जा. १५ जानेवारी आर्मी डे. ४ फेब्रुवारीला मराठा लाइट इन्फंट्रीचा रेजिमेंटचा दिवस, १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला त्या आठवणीचा. २६ जुलै कारगिल विजय दिवस. २१ ऑक्टोबर पोलिसांचा (त्याबद्दल प्रश्न १३). ४ डिसेंबर नौदल दिन, ७ डिसेंबर ध्वज दिन, १६ डिसेंबर १९७१ चा विजय दिवस. कराडला या विजय दिवसाचा सोहळा १९९८ पासून होतो, सैन्याची प्रात्यक्षिकं असतात, गावोगावची माणसं ट्रॅक्टर-टेम्पो करून येतात, मुलांना घेऊन एकदा जाण्यासारखा आहे.

३० जानेवारीला सकाळी ११ ला जे मौन पाळतात ते हुतात्मा दिनाचं, स्वातंत्र्यलढ्यात प्राण दिलेल्यांसाठी. ते आणि वरचे सैनिकांचे दिवस एक नाहीत.

३. मी दिलेले पन्नास-शंभर रुपये खरंच कुणापर्यंत पोचतात का?

हा प्रश्न विचारायला लोक लाजतात, पण विचारलाच पाहिजे. आधी असे बरेच वेगवेगळे फंड होते, १९९३ साली ते एकत्र करून सशस्त्र सेना ध्वज दिन निधी केला. कारभार दिल्लीचं केंद्रीय सैनिक बोर्ड बघतं, आपल्याकडे पुण्याचा सैनिक कल्याण विभाग आणि त्याच्या खाली प्रत्येक जिल्ह्याचं सैनिक कल्याण कार्यालय.

या पैशातून काय होतं ते उदाहरणानेच कळेल. पेन्शन नसलेला, ६५ च्या पुढचा माजी सैनिक किंवा त्याची विधवा पत्नी यांना महिन्याला मदत मिळते, ती आधी ४ हजार होती, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८ हजार केली. मुलांच्या शिक्षणासाठी महिन्याला १ हजार होते ते २ हजार झाले, दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून ग्रॅज्युएशनपर्यंत. मुलीच्या लग्नासाठी ५० हजारांचे १ लाख झाले, दोन मुलींपर्यंत, आणि विधवेने पुन्हा लग्न केलं तर तिलाही हे मिळतं. हा सगळा खर्च ज्या फंडातून होतो तो ध्वज दिन निधीचाच भाग आहे. आता ८ हजारात म्हातारपण निभतं असं कुणी म्हणणार नाही, पण गावात एकट्या राहणाऱ्या बाईला त्यात औषधं आणि किराणा सुटतो. तुमचे शंभर रुपये तिथं जातात.

४. पैसे द्यायचे कसे? पावती मिळते का? इन्कम टॅक्समध्ये सूट आहे का?

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन देता येतात, केंद्रीय सैनिक बोर्डाच्या साइटवरून ऑनलाइन देता येतात. पावती मिळते, ती घ्याच. ८०-जी खाली सूट आहे. कंपनी असेल तर माजी सैनिक आणि युद्धविधवांसाठीचा खर्च सीएसआरमध्ये धरतात, तेव्हा एचआरवाल्यांना सांगा.

फॉरवर्ड होऊन आलेल्या बँक खात्यावर किंवा क्यूआर कोडवर पैसे टाकू नका, एखादा हल्ला झाला की दोन दिवसात असे नंबर फिरायला लागतात. ऑफिसच्या साइटवर जाऊन खातं स्वतः बघायचं आणि मगच पैसे पाठवायचे. आणि शाळेत पोरांना झेंडे विकायला दिले तर हिशोब शाळेने ठेवायचा, पोरांवर टार्गेट टाकायचं नाही, नाहीतर त्यांच्या डोक्यात ध्वज दिन म्हणजे वसुली एवढंच बसतं.

५. ध्वज दिन निधी, ‘भारत के वीर’ आणि ‘माँ भारती के सपूत’ यात फरक काय?

‘भारत के वीर’ २०१७ मध्ये गृह मंत्रालयाने सुरू केलं, ते सीआरपीएफ, बीएसएफ अशा केंद्रीय दलांच्या जवानांच्या कुटुंबांसाठी. ‘माँ भारती के सपूत’ ऑक्टोबर २०२२ ची साइट, तिथले पैसे सैन्यात लढताना पडलेल्या किंवा गंभीर जखमी झालेल्या जवानांच्या फंडात जातात. ध्वज दिन निधीचा पसारा मोठा, त्यात म्हातारे माजी सैनिक, विधवा, मुलं सगळे येतात. तिन्ही सरकारी आहेत, कुठंही दिले तरी चांगलंच. आमचं मत विचाराल तर बातमी ताजी असताना पहिल्या दोन्हीकडे पैसे आपोआप येतात, आणि पंचवीस वर्षांपूर्वी रिटायर झालेल्या माणसाची बातमी कधीच होत नाही, म्हणून आम्ही ध्वज दिनाकडे झुकतो.

६. गावात/शाळेत श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठेवायचाय, क्रम काय असतो?

सैन्याच्या पद्धतीत पुष्पचक्र वाहतात, मग बिगुलावर लास्ट पोस्ट, मग दोन मिनिटं मौन, मग राऊज, म्हणजे उठवणीची धून. गावात बिगुलवाला नसेल तर एखाद्या माजी सैनिकाला विचारा, कुणी ना कुणी ओळखीचा निघतो, नाहीच मिळाला तर रेकॉर्डिंग चालेल पण आधी साउंडवर वाजवून बघा, कारण मौनाच्या मधेच जाहिरात वाजली की सगळा कार्यक्रम गेला.

मौनाच्या आधी नावं वाचायची. पूर्ण नाव, हुद्दा, पलटण, गाव किंवा वाडी, कुठं आणि कोणत्या साली गेले. ही नावं गावातल्या एखाद्या मुलीने किंवा मुलाने वाचावीत आणि आदल्या दिवशी त्या त्या घरी जाऊन उच्चार पक्का करून यावं. आमच्या मते सगळ्या कार्यक्रमात हाच भाग महत्त्वाचा आहे. भाषणं नंतर, आणि थोडकी.

बारीकसारीक गोष्टी: साध्या कपड्यातल्या लोकांनी कडक सॅल्यूट मारायची गरज नाही, सरळ उभं राहायचं, हात जोडले तरी छान. चपला काढायच्या की नाही हा गावाचा रिवाज, युनिफॉर्ममधले काढत नाहीत. राष्ट्रध्वज स्वतःच्या मनाने अर्ध्यावर उतरवायचा नाही, तो सरकारी आदेशानेच उतरतो. माजी सैनिकांना पुढच्या रांगेत खुर्च्या द्यायच्या, आमदार उशिरा आले म्हणून त्यांना उठवून मागं पाठवायचं नाही. डीजे नको.

७. वीरपत्नी आणि वीरमातांचा सत्कार करायचाय, ओटी भरायची की नाही यावरून आमच्यात वाद झाला.

दरवर्षी कुठंतरी हा वाद होतोच. साडी-ओटी आणली जाते, मग कुणीतरी कुजबुजतं की त्यांना कुंकू कसं लावणार, आणि ती बाई तिथं स्टेजवर उभी राहून ते ऐकत असते. याहून वाईट काही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्यानंतर शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. तेव्हा गावाने ठरवलं तर अडचण काहीच नाही, हळदीकुंकू सगळ्यांना सारखं.

पण त्यांना आधी घरी जाऊन विचारा. काही ताई म्हणतात मला ओटी पाहिजे, काही म्हणतात मला स्टेजवर यायचंच नाही. दोन्ही बरोबर. वीरमातेलाही बोलवा, फक्त पत्नीला नाही, आणि सासू-सुनेचं जमत नसेल (पैशांवरून घरं फुटतात, हे लपवून काय उपयोग) तर दोघींना वेगवेगळं निमंत्रण द्या. जायला-यायला गाडी पाठवा. सत्कारात शाल-नारळ देण्यापेक्षा तिचं एखादं अडलेलं काम विचारा, पेन्शनच्या नोंदीत जन्मतारीख चुकलेली असते, बँकेत नाव वेगळं असतं, आणि त्यासाठी ती एकटीच हेलपाटे घालत असते. सोबत एक शिकलेलं पोरगं दिलंत तर ते तिला वर्षभर आठवेल.

८. आमच्या शेताजवळ वीराचा दगड आहे, लोक शेंदूर लावतात. तो पण सैनिकाचंच स्मारक का?

बहुतेक तो वीरगळ असणार. लढाईत किंवा गाईगुरांचं रक्षण करताना पडलेल्या माणसासाठी उभारलेला दगड. खालच्या चौकटीत पडलेला वीर, त्याच्या वर लढाई, मग अप्सरा त्याला वर घेऊन जातायत आणि सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, अशी साधारण रचना असते, वर चंद्र-सूर्य. म्हणजे जोवर चंद्रसूर्य आहेत तोवर याची आठवण राहील. बोरिवलीजवळ एक्सरला तर समुद्रावरच्या लढाईचे वीरगळ आहेत, होड्या आणि वल्ही मारणारे सुद्धा कोरलेत. युद्ध स्मारक ही काही साहेबाने शिकवलेली गोष्ट नाही, आपल्या गावांच्या वेशीवर ती कित्येक शतकं उभी आहे.

दगड हलवू नका, सिमेंटमध्ये बसवू नका, ऑइलपेंट तर अजिबात नको. फोटो काढा, जागा लिहून ठेवा, पुरातत्त्व विभागाला कळवा. पूजा होत असेल तर होऊ द्या, शेंदराचे थर चढवू नका म्हणून सांगता येतं, ऐकतात लोक.

९. पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले आणि परत आले नाहीत एवढंच घरात माहितीये. कुठं शोधायचं?

आधी घरातली ट्रंक. त्या काळच्या मेडलच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, भिंगाने बघा, घासून चकचकीत करायच्या नादात ती अक्षरं घालवू नका. नंबर आणि पलटण मिळाली की अर्धं काम झालं.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (दोन्ही महायुद्धांत पडलेल्यांच्या कबरी आणि नावं जपणारी संस्था) साइटवर फुकट शोधता येतं. तिथं आपली नावं साहेबाच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलीत, त्यामुळे आडनावाने सापडलं नाही तर नुसतं पहिलं नाव आणि पलटण टाकून बघा, स्पेलिंग चार प्रकारांनी बदलून बघा. आपल्याकडचे बरेच लोक मराठा पलटणींमध्ये होते, १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे नंबर होते तेव्हा. त्यातल्या १०३, ११० आणि ११७ या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या, आताच्या इराकमध्ये. वेढा पडला ७ डिसेंबर १९१५ ला, म्हणजे आज आपण ध्वज दिन पाळतो त्याच तारखेला, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. उपाशी राहून, आणि नंतर कैदेत, खूप लोक गेले.

आता दुखरी गोष्ट. मेसोपोटेमियात (आताचं इराक) पडलेल्या आणि कबर नसलेल्या लोकांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक आहे, पण त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीपुढं नुसता आकडा. कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात हा भेदभाव झाल्याचं मान्य केलं. म्हणून पणजोबांचं नाव कुठल्या दगडावर नसेल तर ते लढले नव्हते असा अर्थ काढू नका. त्यांचं नाव निदान गावातल्या पाटीवर तुम्ही लावू शकता, त्यासाठी प्रश्न १० बघा.

१०. गावात नवीन स्मारक बांधायचंय. काय काळजी घ्यायची?

आधी बघा जुनं काही आहे का. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी बऱ्याच गावांत दगडी पाट्या लावल्या, या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या युद्धात गेले, त्यातले इतके पडले, असा मजकूर. चावडीच्या, शाळेच्या भिंतीत असतात आणि रंगरंगोटीत बुजून जातात. साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याला सगळे मिलिटरी अपशिंगेच म्हणतात, तिथले ४६ जण त्या युद्धात पडले आणि त्यांच्या नावाने तिथं स्मारक आहे, आजही घराघरातून पोरं सैन्यात जातात.

नवीन करणार असाल तर नुसता स्तंभ किंवा पाटी करा, पुतळ्याच्या नादी लागू नका. पुतळ्याला परवानग्या लागतात, आणि चेहरा जमला नाही तर त्या आईला आयुष्यभर तो बघावा लागतो. जागा ग्रामपंचायतीच्या नावावर असावी, ठराव लेखी. नावं हुद्द्याप्रमाणे लावू नका, सालाप्रमाणे लावा. खाली जागा मोकळी ठेवा, वाईट वाटतं पण ठेवावी लागते. आणि देणगीदारांची नावं जवानांच्या नावांपेक्षा मोठी, किंवा त्याच दगडावर, हे कृपा करून नको. दरवर्षी साफसफाई कोण करणार ते बांधायच्या आधी ठरवा.

११. महाराष्ट्र-गोव्यात मुलांना दाखवायला कुठं नेऊ?

पुण्यात घोरपडीचं युद्ध स्मारक, १५ ऑगस्ट १९९८ ला खुलं झालं आणि ते लोकांच्या वर्गणीतून उभं राहिलंय. खडकीचं वॉर सिमेटरी, दोन्ही महायुद्धांतले लोक तिथं आहेत, शांत जागा आहे, पोरांना दंगा करू देऊ नका. रायगड जिल्ह्यात माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा, पळसगावचे ते, १० जुलै १९४४ ला इटलीत पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मुंबईत मस्जिद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात समुद्रात गेलेल्या खलाशांचं स्मारक आहे, कोकणातल्या लोकांनी आवर्जून बघावं. गोव्यात नौदलाच्या गोमंतक तळावर १९६१ ला अंजदीव बेट घेताना पडलेल्या सात नौसैनिकांचं स्मारक आहे, आत जायला परवानगी काढावी लागते.

१२. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर आमच्या गावच्या जवानाचं नाव असेल का?

१९४७ नंतर लढाईत किंवा मोहिमेत गेले असतील तर असायला पाहिजे. हे स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झालं, इंडिया गेटच्या शेजारी. त्यात गोलाकार भिंती आहेत, त्याग चक्राच्या ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेक नाव, सुरुवातीलाच २५ हजार ९४२ होती. तिथल्या स्क्रीनवर नाव टाकलं की वीट कुठं आहे ते कळतं. प्रवेश फुकट आहे. रोज संध्याकाळी एका जवानाच्या घरच्यांना बोलवून त्यांच्या हस्ते पुष्पचक्र वाहतात, थांबून बघा. १९४७ च्या आधीचे लोक इथं नाहीत. इंडिया गेटवर आहेत ती पहिलं महायुद्ध आणि तिसऱ्या अफगाण युद्धातली १३ हजारांच्या वर नावं, पण तिथंही सगळे नाहीत.

१३. पोलीस आणि सीआरपीएफ यात धरायचे का?

आठवणीत नक्की धरा, फंड मात्र वेगळे (प्रश्न ५). २१ ऑक्टोबर १९५९ ला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या गोळीबारात दहा पोलीस पडले, म्हणून त्या दिवशी पोलीस स्मृतिदिन असतो. आपल्याकडे गडचिरोलीतले जवान, २६/११ चे तुकाराम ओंबळे, यांची नावं गावाच्या कार्यक्रमात वाचायला कुणाची हरकत असायचं कारण नाही.

१४. ‘शहीद’ असा सरकारी दाखला मिळतो का? सुट्टीवर असताना अपघातात गेला तर?

असा दाखला नसतो. कागदावर बॅटल कॅज्युअल्टी (लढाईत गेलेला) किंवा फिजिकल कॅज्युअल्टी (लढाईशिवाय गेलेला) असं लिहितात, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. शत्रूशी किंवा अतिरेक्यांशी लढताना गेला तर पत्नीला शेवटच्या पगाराइतकी पेन्शन. लढाई नाही पण सेवेमुळेच मृत्यू झाला असं मान्य झालं तर ६० टक्के. सेवेशी संबंध नसेल तर साधी फॅमिली पेन्शन, सुरुवातीची काही वर्षं जास्त आणि नंतर ३० टक्के. अपघाताच्या केसमध्ये युनिट चौकशी करतं, तेव्हा प्रवास कुठून कुठं चालला होता, सुट्टीचा कागद, एफआयआर, पोस्टमॉर्टेम हे सगळं जपून ठेवा, कारण तिथंच निकाल फिरतो. नाकारलं तर अपील असतं, मुदत चुकवू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन माणूस बोलता करा, फोनवर ही कामं होत नाहीत.

गावाच्या पाटीवर काय लिहायचं ते गाव ठरवेल. सुट्टीवर येताना गेलेला पोरगाही वर्दीतलाच होता, त्याच्या आईला कमी लेखू नका एवढंच.

१५. बाबा सैन्यातून रिटायर होऊन वीस वर्षं झाली होती, घरीच वारले. अंगावर तिरंगा टाकता येईल का?

आपल्या मनाने टाकू नका. शासकीय इतमाम, सैन्य किंवा निमलष्करी दलांचे अंत्यसंस्कार सोडून ध्वज असा वापरायला कायद्याने बंदी आहे, भावना कितीही खरी असली तरी. बाबा गेल्यावर लगेच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आणि जवळच्या लष्करी स्टेशनला फोन करा, त्यांची सेवा आणि पदकं बघून ते मानवंदनेचं ठरवतात आणि तसं ठरलं तर ध्वज तेच आणतात. ध्वज असेल तर केशरी बाजू डोक्याकडे, आणि अग्नी द्यायच्या आधी तो काढून घ्यायचा, चितेवर जाऊ द्यायचा नाही. काहीच नाही जमलं तर त्यांची टोपी आणि मेडलं उशाशी ठेवा, पलटणीतले सोबती बोलवा, ते आपल्या पद्धतीने सलामी देतात.

१६. ती मेडलं कार्यक्रमात मी लावू शकते का?

हो, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात घरच्यांनी छातीच्या उजव्या बाजूला लावायची असा रिवाज आहे. डावी बाजू ज्याने मिळवली त्याची. रोजच्या लग्नकार्यात नको.

१७. आमचे काका सात-आठ वर्षं नोकरी करून परत आले, पेन्शन नाही, शेती नाही. ते माजी सैनिकात येतात का?

डिस्चार्ज बुकात (सैन्यातून सुटताना मिळतं ते पुस्तक) काय कारण लिहिलंय त्यावर आहे. जवानाला पेन्शनला साधारण १५ वर्षं सेवा लागते, म्हणून असे बरेच लोक पेन्शनशिवाय राहिलेत आणि त्यांना वाटतं आपलं काहीच नाही. डिस्चार्ज बुक, आधार, बँक पासबुक, फोटो घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ते माजी सैनिकात बसतात का हे तिथं बघतात. बसत असतील तर ओळखपत्र काढा आणि मग प्रश्न ३ मधली मदत. डिस्चार्ज बुक हरवलं असेल तर पोलिसात नोंद करून पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला (जवानांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) अर्ज करायचा, मराठा पलटणीचं बेळगावला आहे. दुसऱ्या महायुद्धातले कुणी किंवा त्यांच्या विधवा अजून हयात असतील तर राज्य शासनाचं वेगळं मानधन आहे, शोधून त्यांच्या घरी जा, त्या स्वतः येऊ शकत नाहीत.

१८. आणि अग्निवीर?

२०२२ पासूनच्या योजनेत चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला पेन्शन किंवा माजी सैनिकाचा दर्जा ठेवलेला नाही. सेवेत मृत्यू झाला तर ४८ लाखांचा विमा, ड्युटीमुळे मृत्यू झाला तर वर ४४ लाख सानुग्रह आणि उरलेल्या काळाचा पगार, पण कुटुंबाला दरमहा पेन्शन नाही. बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचिनला ड्युटीवर असताना वारला तेव्हा आपल्या सगळ्यांना हे पहिल्यांदा कळलं. एकरकमी पैसे आले की नातेवाईक, एजंट, जमीनवाले सगळे दारात येतात, म्हणून अशा घराला पहिल्या महिन्यात बँकेतला भरवशाचा माणूस गाठून द्या. नावं वाचताना अग्निवीर आणि जवान असा भेद करू नका.

१९. सरकारी नोंदीत किंवा पाटीवर नावच चुकलंय, दुरुस्त होतं का?

होतं, वेळ लागतो. गावच्या पाटीवर असेल तर ग्रामपंचायतीत अर्ज आणि सोबत सैन्याच्या कागदाची झेरॉक्स, शाळेचा दाखला नव्हे, कारण सैन्यातलं नाव तेच अधिकृत. युद्ध स्मारकावर चूक असेल तर रेकॉर्ड ऑफिसमार्फत कळवा. कॉमनवेल्थ कमिशनला ईमेल करता येतो, पुरावा म्हणून मेडलच्या कडेचा फोटो, जुनं पेन्शन पुस्तक, पलटणीचं पत्र जे असेल ते जोडा. पत्नीच्या नावात फरक असेल (माहेरचं-सासरचं, सुमन-सुमनबाई) तर त्याला पार्ट टू ऑर्डर (सैन्याच्या नोंदीत बदल केल्याचा लेखी आदेश) लागते, ती निघाल्याशिवाय पेन्शन पुढं सरकत नाही, म्हणून हे काम नवरा हयात असतानाच उरकून घ्या. ज्यांच्या घरी कुणी आज सर्व्हिसमध्ये आहे त्यांनी पुढच्या सुट्टीतच आधार, पॅन, बँक आणि सर्व्हिस रेकॉर्ड समोरासमोर ठेवून एकेक अक्षर तपासा.